वखारीतले शील

वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, काळात निपाणीतील आमच्या विहारात दर रविवारी सायंकाळी वंदना होते आणि चिकोडीकडचे काही कन्नडभाषक उपासकही तिला येतात. पंचशील, म्हणजे बौद्ध उपासकाने पाळायचे पाच नियम, पालीत असल्यामुळे ते म्हणताना कोणाची भाषा कोणती हा प्रश्न उद्भवत नाही. तो पुढे अर्थ सांगताना सुरू होतो.

गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर एका मावशींनी विहारातल्या भिक्खूंना विचारले, "भंतेजी, सगळा जल्म तंबाखूच्या वखारीत गेला. सांजचं पाचवं शील घ्यायचं आणि सकाळी उठून तंबाखू चाळायची, हे चालतंय व्हय?"

पाचवे शील नशेपासून दूर राहण्याचे आहे आणि त्यात सुरा, मेरय आणि मज्ज या मादक पेयांची नावे आहेत. तंबाखू बुद्धकाळी भारतात नव्हतीच, ती पोर्तुगिजांबरोबर आली. पण तेवढ्यावर हात झटकणे मला पटत नाही. अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथात उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार करू नये असे सांगितले आहे. तेथील शब्द 'वणिज्जा' आहे, त्यामुळे माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे बोट आधी मालकाकडे जाते आणि नाकाला पदर बांधून दिवसभर धुरळ्यात बसणाऱ्या बाईकडे फार नंतर.

माझे स्वतःचे दुखणे मात्र पाचव्या शीलाचे नाही. विशीत असताना मी दोन हंगाम एका वखारीत वजने लिहीत होतो. शेतकऱ्याचे पोते काट्यावर चढले की वजन करणारा आकडा मोठ्याने पुकारी आणि मी ओलाव्याची घट म्हणून त्यातून किलो-दीड किलो वजा करून वहीत लिही, मग माल कितीही कडक वाळलेला असो. दुसरे शील 'अदिन्नादान', म्हणजे न दिलेले घेणे, यापासून दूर राहण्याचे आहे, आणि तो किलो त्या शेतकऱ्याने दिलेला नव्हता; चौथे खोटे बोलण्याविषयीचे आहे, आणि आकडा माझ्याच अक्षरात होता. दारूला कधी शिवलो नव्हतो, म्हणून आपले शील शाबूत आहे अशी माझी ठाम समजूत होती. दीघ निकाय या दुसऱ्या पाली ग्रंथात 'तुलाकूट' आणि 'मानकूट', म्हणजे तागडीतली आणि मापातली लबाडी, यांचा नाव घेऊन निषेध केला आहे, हे मी फार उशिरा वाचले. 1925 साली बाबासाहेब परिषदेसाठी निपाणीत आले होते हे आम्ही दर जयंतीला अभिमानाने सांगतो, दारूवरही तासभर बोलतो; काट्यावर कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

प्रत्येक शीलाच्या शेवटी आपण 'वेरमणी सिक्खापदं समादियामि' म्हणतो, म्हणजे अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा नियम शिकण्यासाठी स्वीकारतो. ही आज्ञा नसून आपणहून घेतलेला अभ्यास आहे, म्हणून तो रोज नव्याने घ्यावा लागतो. भंतेजींनी मावशींना हेच समजावले आणि सहज विचारले, "माई, तिथं माल कोण मोजतं?"

"त्ये आमच्या हातात कुठं? वहीवाला लिहील त्ये खरं."

मी तिसऱ्या रांगेत चटईकडे पाहत बसलो होतो.