पावसाळ्यात बुटांना सुट्टी

जुलैत साताऱ्यात बूट वाळत नाहीत. हे आधीच सांगून टाकते कारण सगळं तिथूनच सुरू झालं. सकाळी अजिंक्यताऱ्यावर पळून आलं की बुटात रद्दी कोंबायची, बूट फ्रीजच्या मागं ठेवायचे, संध्याकाळी रद्दी बदलायची, आणि एवढं करून दुसऱ्या दिवशी पाय घातला की पचाक! आई दोन दिवस घरात मेलेला उंदीर शोधत होती.

शेवटी वैतागून पळायला सँडल घेतले. ऑफिसला घालतात तसले नाही, तीन पट्ट्यांचे, एक बोटांवर, एक घोट्याभोवती, एक टाचेमागं. ही गोष्ट मुळात पाण्यासाठीच निघाली म्हणे, अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या नदीवर गाईडचं काम करणाऱ्या मार्क थॅचरनं १९८४ मध्ये रबरी स्लिपरला मागून पट्टा जोडला, म्हणजे पाण्यात स्लिपर पायातनं निसटून वाहून जायला नको, त्यातूनच पुढं तेवा ब्रँड झाला. आमच्या इथं जून ते सप्टेंबर पायवाटाच ओढे होतात म्हटल्यावर बरोबरच आहे की.

पहिल्या दिवशी पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये जे व्हायचं ते झालंच. "काय गं, भाजी आणायला निघालीस का?" वगैरे. मी पण हौसेनं एकदम आठ किलोमीटर मारले आणि पुढचे तीन दिवस जिना उलटा उतरत होते. पोटऱ्या दगड झालेल्या. नंतर कळलं की माझ्या बुटांची टाच पुढच्या भागापेक्षा चांगली उंच होती आणि हे सँडल एकदम सपाट, त्यामुळं टाच जास्त खाली जाते आणि पोटरी जास्त ताणली जाते. मग गुपचूप तीन किलोमीटरपासून सुरुवात केली, तेही आठवड्यातनं दोनदाच, बाकी दिवस नुसतं चालणं. सवय व्हायला महिना दीड महिना गेला.

पण उतार! उतारासाठी मी या सँडलना शंभर चुका माफ करीन. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २१ किलोमीटरची, त्यात अर्धी यवतेश्वरच्या घाटानं चढायची आणि तोच घाट परत उतरायचा. मी केली तेव्हा बुटात, आणि उतरताना प्रत्येक पावलाला बोटं पुढं जाऊन आदळत होती, दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी होऊन शेवटी गळून पडली. (चूक माझीच, बूट अर्धा नंबर लहान होते.) सँडलमध्ये पुढं आदळायला काही नाहीच, त्यामुळं नखं शाबूत. फक्त उतार लागायच्या आधी थांबून घोट्याचा पट्टा एक घर आवळायचा, नाहीतर ओला पाय सोलवरनं पुढं घसरतो आणि बोटं बाहेर डोकावतात, आणि मग ठेच लागली की डोळ्यापुढं काजवे.

दुसरा त्रास मुरमाचा. गोडोलीकडच्या पायवाटेवर दर दहा मिनिटांनी एक खडा तळव्याखाली येऊन बसतोच. आधी मी थांबून, वाकून, वेलक्रो काढून, सगळा सोहळा करायचे. आता पळता पळताच पाय जरा तिरका झटकते, दहातले आठ खडे जातात. ओली रेती मात्र पट्ट्याखाली जाऊन सॅंडपेपरसारखी घासते, पहिल्या पावसात टाचेमागं असा फोड आला की आठवडाभर लंगडत होते. आता निघायच्या आधी पट्ट्याच्या जागी व्हॅसलिन, आणि ओढा लागला की पाय धुऊन घ्यायचे, अर्धा मिनिट जातो.

आणि कुसळं! याबद्दल कोणीच बोलत नाही. पावसाळा संपला की गडावरचं गवत वाळतं आणि बुटावरच्या मोज्यात शेकड्यानं कुसळं अडकतात, घरी येऊन टीव्हीपुढं बसून एक एक उपटत बसा. सँडलला मोजाच नाही तर कुसळ अडकणार कुठं?

सगळीकडं चालतात असं मात्र नाही हं. डिसेंबरमध्ये वासोटा किल्ल्यावर सँडल घालून गेले, बामणोलीतनं बोट, पलीकडं उतरून जंगलातली चढण. वाळक्या पाल्याखाली दगड कुठला, मूळ कुठलं काही दिसत नाही, दोनदा करंगळी ठेचली आणि पाल्यात काय सळसळलं ते बघायला मी थांबले नाही. तिथं बूटच. आणि बाभळी असतील तिथंही बूट, बाभळीचा काटा माझ्या सँडलचा सोल भेदून सरळ आत आला होता, तो सोल अजून दाखवायला ठेवलाय.

गेल्या महिन्यात टाचेचा पट्टा उसवला म्हणून राजवाड्याजवळ चप्पल शिवणाऱ्या काकांकडं नेले. त्यांनी उलटेपालटे केले, सोल दाबून बघितला, किंमत विचारली. मी सांगितली. काकांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सँडलकडं.

"एवढ्यात ट्रकच्या टायरच्या चार जोड्या करून दिल्या असत्या ताई. काटा न्हाय, झिजणं न्हाय."

मी हसले खरी पण मला एकदम मेक्सिकोतले रारामुरी आठवले, लांब पळण्यासाठी प्रसिद्ध असलेले तिथले आदिवासी. त्यांच्या वहाणा टायरच्याच, आणि १९९३ मध्ये त्यांच्यातला ५५ वर्षांचा व्हिक्टोरियानो चुर्रो असल्याच वहाणा घालून अमेरिकेतली लीडव्हिलची १०० मैलांची शर्यत जिंकला होता. काकांना सांगितलं. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "मग पायाचं माप देताय का?"

दिलंय. शनिवारी मिळणारेत.