अखेर पाहुणा आला!

आज सकाळी चहा घेऊन मागच्या अंगणात उभी होते. सिएटलचा नेहमीचा भुरभुर पाऊस. आणि रेड फ्लॉवरिंग करंट या झुडपाच्या गुलाबी घोसांसमोर हवेत थबकलेला, घासलेल्या तांब्यासारखा चकाकणारा रूफस हमिंगबर्ड! चहा निवला तरी मी जागची हलले नाही.

मेक्सिकोत हिवाळा काढून हे पक्षी वसंतात उत्तरेकडे निघतात आणि इथं मार्च-एप्रिलमध्ये हे करंट फुलतं. जेमतेम ३-४ ग्रॅमचा जीव, आणि केवढा प्रवास! थंडीतून नुकत्या बाहेर पडलेल्या बंबलबी या गुबगुबीत, केसाळ माश्यांच्या राण्याही याच फुलांवर येतात.

हे करंट ३ वर्षांपूर्वी ऑक्टोबरात लावलं तेव्हा हातभर काडी होती, आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पहिले २ उन्हाळे पाणी घातलं, आता लागत नाही. इथल्याच मातीचं झुडूप, कोरडा उन्हाळा त्याच्या सवयीचा. गेल्या वर्षी हिवाळ्यात मात्र मी ते छाटलं आणि त्या वसंतात जेमतेम चार घोस आले. आदल्या वर्षीच्या फांद्यांवर कळ्या धरतात, म्हणून फुलं सरल्यावरच कात्री लावायची. पाखरांच्या तोंडचा घास काढल्यासारखं वाटत राहिलं वर्षभर.

आईला लगेच व्हिडिओ पाठवला. पुण्यात तिच्या जास्वंदीवर शिंजीर येतो ना, म्हणून तिचा पहिला प्रश्न, "घरटं कुठं बांधलंय गं?"

उद्या तेच शोधायचंय. लांबूनच.