ठाण्याच्या हवेत कुत्र्या-मांजरांची वर्षभराची काळजी

ठाण्यात कुत्रे किंवा मांजर पाळणाऱ्याने वर्षाची आखणी जानेवारीपासून नव्हे, तर मे महिन्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दवाखान्यांत सर्वांत जास्त गर्दी असते आणि त्या काळातील बरेचसे आजार टाळण्यासाठी जे करायचे असते, ते पहिला पाऊस पडण्यापूर्वीच करून ठेवावे लागते. थंड देशांतील पुस्तकांत गोचीड हा वसंत आणि उन्हाळ्यापुरता त्रास मानलेला दिसतो. खाडी आणि डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या आपल्या दमट शहरात मात्र तो बाराही महिने असतो आणि पावसाळ्यात त्याला ऊत येतो.

लस आणि औषधे यांच्याही आधी मी रोजच्या हाताच्या तपासणीला महत्त्व देते. मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही हे आपण सारेच म्हणतो, परंतु त्याचे रोजचे चालणे, खाणे, श्वास घेणे कसे आहे हे आपल्याला नीट ठाऊक नसेल, तर त्यातला बदलही आपल्या लक्षात येत नाही. आमच्याकडे खंड्या नावाचा गावठी कुत्रा आणि मनी ही मांजर आहे. रात्री जेवणे आटोपली की खंड्याला जमिनीवर आडवे करून कानांच्या घड्या, गळपट्ट्याखालची जागा, काखा, जांघा, शेपटीचे बूड आणि चारही पंजांच्या बोटांमधल्या बेचक्या यांवरून मी सावकाश बोटे फिरवते. मग वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबते. दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडते आणि निरोगी जनावरात दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरडी मुळातच फिकट दिसली किंवा रंग परतायला वेळ लागला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. नाक कोरडे की ओले यावरून ताप ओळखण्याची आपल्याकडची पद्धत भरवशाची नाही. कुत्र्याचे तापमान मुळातच 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे आपल्या हाताला त्याचे अंग नेहमीच कोमट लागते. ताप पाहायचा तर गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर लावूनच पाहावा.

उन्हाळ्याविषयी एक गोष्ट अजूनही अनेकांच्या ध्यानात येत नाही. नागपूरच्या तुलनेत आपल्याकडे पारा कमी असतो म्हणून आपले कुत्रे सुरक्षित आहेत, असे मानणे धोक्याचे आहे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गादीपुरताच. बाकीची सारी उष्णता ते धापा टाकून, म्हणजे जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाफेच्या रूपाने उडवून, बाहेर टाकते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर हे पाणी उडतच नाही, आणि एप्रिल-मेमध्ये ठाणे-नवी मुंबईची हवा नेमकी तशी असते. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग अरुंद असल्याने त्यांना हे आणखी जड जाते. पर्शियन मांजरांचेही तेच. नेरूळला राहणारी माझी मावसबहीण आपल्या पगला मार्चपासून सूर्योदयापूर्वीच फिरवून आणते आणि संध्याकाळी अंधार पडल्यावरही आधी सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर हाताचा पंजा उलटा टेकवून पाहते. सात सेकंद हात ठेववत नसेल, तर त्या जमिनीवर कुत्र्याला चालवू नये. लाळ घट्ट होणे, हिरड्या गडद लाल दिसणे, पाय लटपटणे, उलटी होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन अंगावर नळाचे पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि हे करत करतच दवाखाना गाठावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवल्यास उलट आतली उष्णता कोंडली जाते.

आता गोचिडांविषयी सविस्तर लिहायला हवे. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड आपल्या आयुष्याच्या तिन्ही अवस्थांत कुत्र्याचेच रक्त पितो, मात्र प्रत्येक वेळी पोट भरले की तो खाली पडतो आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा फरशीच्या सांध्यात जाऊन दडतो. एक मादी हजारो अंडी घालते आणि तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर अशाच एखाद्या फटीत. म्हणजे अंगावर दिसणारे गोचीड हा एकूण संख्येचा लहानसा भाग असतो आणि केवळ कुत्र्याला औषधी शाम्पूने आंघोळ घालून प्रश्न सुटत नाही. घरातल्या फटी बुजवणे, कुत्र्याची गादी गरम पाण्यात धुणे, झोपायच्या जागेभोवती व्हॅक्यूम फिरवणे आणि त्याच वेळी कुत्र्याला नियमित औषध देणे, या सगळ्याची सांगड घालावी लागते. औषधांत मानेवर सोडायचे स्पॉट-ऑन, पट्टे आणि तोंडाने द्यायच्या गोळ्या असे प्रकार मिळतात. काही गोळ्या महिनाभर, तर काही बारा आठवड्यांपर्यंत काम करतात. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याच्या मालकाने गोळी देण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

गोचीड सापडलाच तर बारीक टोकाच्या चिमट्याने तो कातडीच्या अगदी लगत धरावा आणि पिरगळा न देता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढावा. त्यावर घासलेट टाकणे, काडीने चटका देणे किंवा तो नखाने चिरडणे हे तिन्ही प्रकार मी येथे वारंवार पाहते आणि तिन्ही चुकीचे आहेत. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावा. खरा धोका रक्त पिण्याचा नसून त्यातून होणाऱ्या तापाचा आहे. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे जंतू गोचिडांमार्फत रक्तात शिरतात, प्लेटलेट किंवा तांबड्या पेशी घटतात आणि कुत्रे आधी फक्त सुस्त होते. त्याने एक वेळचे जेवण सोडले की घरातले म्हणतात, हवेमुळे असेल. पुढे हिरड्या पांढुरक्या होतात, पोटावर लालसर ठिपके येतात, कधी नाकातून रक्त येते. पावसाळ्यात कुत्र्याने दोन वेळा जेवण टाळले, तर रक्ततपासणी करून घ्यावी, एवढा हा आजार आपल्या भागात रुळलेला आहे. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारण 28 दिवस द्यावे लागते. चार दिवसांत कुत्रे उड्या मारू लागले म्हणून ते मध्येच थांबवू नये.

पावसाळ्यातला दुसरा मोठा शत्रू म्हणजे लेप्टो, अर्थात लेप्टोस्पायरोसिस. जुलै 2005 च्या महापुरानंतर हा शब्द मुंबई-ठाण्यातल्या घराघरांत पोहोचला, परंतु हाच आजार कुत्र्यांनाही होतो याची जाणीव कमी आहे. उंदरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पंजावरच्या जखमेतून किंवा ते पाणी चाटल्याने शरीरात शिरून यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करतात. बाधित कुत्र्याच्या लघवीतून तो माणसालाही होऊ शकतो. लस दरवर्षी घ्यावी लागते आणि पहिल्या वर्षी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. म्हणूनच मी मे महिन्याचा आग्रह धरते. डबक्यातले पाणी पिऊ न देणे आणि बाहेरून आल्यावर पंजे धुऊन बोटांमधली जागा पूर्ण कोरडी करणे, एवढे केले तरी बराच धोका टळतो आणि बुरशीचाही त्रास वाचतो. येऊरच्या जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांनी या दिवसांत कुत्र्याला साखळीशिवाय सोडू नये. गवतात साप असतात, आणि बिबट्याच्या खाण्यात कुत्री येतात हे तिथल्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको.

रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, मग वर्षाने आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, हा क्रम कुत्रे आणि मांजर दोघांनाही लागू आहे. घराबाहेर कधीच न जाणाऱ्या मांजराला लस कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे आहे की दार उघडे राहायला एक क्षण पुरतो.

मांजरांचा विषय वेगळा काढायला हवा, कारण त्यांना लहान कुत्रे समजून वागवल्याने जीव जातात. कुत्र्यासाठीच्या अनेक स्पॉट-ऑन औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजराला विषारी ठरते. खंड्याच्या मानेवर असे औषध लावले तर ते पूर्ण वाळेपर्यंत मनी दुसऱ्या खोलीत असते. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही आणि एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते. फुलांच्या गुच्छात लिली असेल तर तो गुच्छ घरात आणूच नये, कारण तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, कण्हत असेल आणि लघवी होत नसेल, तर ती बद्धकोष्ठता समजून घरगुती उपाय करत बसू नये. मूत्रमार्ग अडला असेल तर एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवतो, म्हणून रात्र असली तरी निघावे. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते, त्यामुळे मांजराचा उपास कधीही हलक्यात घेऊ नये. घोडबंदर रस्त्यावरच्या आणि खारघरमधल्या उंच इमारतींत एक धोका तर डोळ्यांसमोर असतो: कबुतरामागे झेप घेतलेले मांजर खिडकीतून खाली जाते. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उन्हाने कुजते, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी ती हाताने ओढून तपासावी आणि कुजली असल्यास बदलून घ्यावी.

दिवाळीची तयारी फटाक्यांपासून सुरू होते. कुत्र्यांना आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि मांजरांना त्याहूनही वरचे. नरकचतुर्दशीच्या पहाटे खंड्याला आम्ही आतल्या खोलीत ठेवतो, खिडक्या-पडदे बंद करतो, पंखा मोठा करतो आणि घरातले कोणीतरी त्याच्याजवळ बसून राहते. फार भेदरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर चिंता कमी करणारी गोळी लिहून देतात. तिची चौकशी आधीच करून घ्यावी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे. फराळातले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात, म्हणून रव्याचा लाडू देऊ नये. कांदा, लसूण आणि चॉकलेट हेही देऊ नये.

खाण्याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वजनाची. चहात बुडवलेले बिस्कीट, पोळीचा तुकडा, आजीच्या ताटातला दहीभात, असे दिवसभरात काय काय पोटात जाते याचा हिशोब कोणी ठेवत नाही. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडी लावलेल्या आपल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांच्यात सांधेदुखीही उशिरा दिसली. बरगड्या डोळ्यांना उठून दिसू नयेत, पण हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसावी, हे माप पुरेसे आहे. मी महिन्यातून एकदा खंड्याला उचलून वजनकाट्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते आणि फरक वहीत लिहिते.

आपल्याकडचा हिवाळा सौम्य असतो, म्हणून लांबणीवर टाकलेली कामे मी त्या दिवसांत करते. दात साफ करून घेणे, नसबंदी, जंतांचे औषध ही त्यातली मुख्य. नसबंदी न केलेल्या मादीला माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि वय वाढेल तसा तो वाढतो. ती अचानक जास्त पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर सोनोग्राफी करून घ्यावी. सात वर्षांपुढच्या प्राण्याचे रक्त आणि लघवी वर्षातून एकदा तरी तपासावी. विशेषतः म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडांचे काम मंदावत जाते आणि रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, वाढेपर्यंत त्यांची बरीच क्षमता गेलेली असते. पाण्याचे भांडे नेहमीपेक्षा लवकर रिकामे होणे आणि ट्रेमधल्या वाळूचे लघवीने होणारे गोळे मोठे होणे, हे त्या आधी घरातच दिसते. मनीचे भांडे मी रोज सकाळी मापाने भरते, ते यासाठीच.