आमची वाटचाल : फ्लॅग३ मधला सात

आमचं पहिलं सॉफ्टवेअर दवाखान्यांसाठी होतं. पेशंटची नोंद, औषधं, पुढची तारीख, पावती. दोघे भागीदार आणि एक प्रोग्रॅमर, एवढीच कंपनी. सगळा डेटा आम्ही स्वतः ठरवलेल्या फॉरमॅटमध्ये साठायचा. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसत. गिऱ्हाइकाला आम्ही सांगायचो, "सुरक्षित आहे." खरं कारण असं की एकदा आत आलेला डॉक्टर सहजासहजी बाहेर पडू नये. हे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही, पण दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

पाचव्या वर्षी एका डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांना दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं, म्हणून जुन्या नोंदी हव्या होत्या. भागीदार म्हणाला, तीन आठवडे लागतील आणि वेगळं बिल होईल. बाई शांतपणे म्हणाल्या, "नोंदी माझ्या पेशंटच्या. मग किल्ली तुमच्या खिशात कशी?"

बिल लावलं नाही. तीन आठवडे मात्र पुरले नाहीत, कारण फॉरमॅट कसा आहे हे कागदावर कुठेच नव्हतं. तो ज्याच्या डोक्यात होता तो प्रोग्रॅमर केव्हाच नोकरी सोडून गेलेला. एका रकान्याचं नाव होतं 'फ्लॅग३'. त्यात बहुतेक ठिकाणी ०, काही ठिकाणी १ किंवा २, आणि मोजक्या नोंदींत ७. एक म्हणजे सवलत, दोन म्हणजे उधारी, इतपत पावत्यांवरून कळलं. साताचा काही पत्ता लागेना. चाचणीतला कचरा राहिला असेल असं समजून मी तो रकाना सोडून द्यायला निघालो होतो. भागीदार म्हणाला, एकदा विचारून तर बघ. मी बाईंना सात असलेल्या तीन नोंदी उघडायला सांगितल्या. त्यांना दुसऱ्या नोंदीवरच उमगलं. या पेशंटना पेनिसिलिन चालत नव्हतं.

इतकी वर्षं आमच्या पडद्यावर त्या साताचा लाल ठिपका होत होता. आमच्या पडद्याबाहेर तो नुसता आकडा होता.

पुढे बाईंनीच आमच्याकडे दोन-तीन डॉक्टर पाठवले. त्यांना दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायचं होतं. हळूहळू हाच धंदा झाला. ओळखीतले लोक आम्हाला 'डेटा सोडवणारे' म्हणू लागले. कुणी अडकून पडलंय असंच त्यात गृहीत असतं, आणि ते खोटंही नाही.

बंद फॉरमॅट उलगडायच्या कामात आमचा आदर्श सांबा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी विंडोजच्या जगाशी फाइलींची देवाणघेवाण करणारा हा प्रोग्रॅम १९९२ च्या सुमारास सुरू केला. नेटवर्कवरून जाणारे निरोप नुसते ऐकायचे आणि त्यावरून भाषा ताडायची, ही त्यांची पद्धत. फ्रेंच न येणारा माणूस कॅफेत बसून, कोण काय मागतो आणि वेटर काय आणतो हे बघत फ्रेंच शिकतो, तसं, असं ते सांगायचे. पण कौशल्याची मजल कुठेतरी संपते, तिथून पुढे कायदा लागला. मार्च २००४ मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या प्रोटोकॉलची माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितली. २००७ च्या सप्टेंबरात कोर्टाने तो निर्णय उचलून धरला, आणि डिसेंबरात सांबाच्या लोकांना १० हजार युरो एकरकमी भरून ते कागद मिळाले. पंधरा वर्षं कान देऊन ताडलेलं व्याकरण अखेर छापील हातात पडलं.

हे वाचून आम्हाला वाटलं होतं, कायदा आला की आपलं दुकान बंद. उलटंच झालं. युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २० प्रमाणे माणसाला स्वतः दिलेली माहिती सुसंघटित, सर्रास वापरातल्या आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागता येते. एका सेवेकडून थेट दुसरीकडे पाठवा असंही सांगता येतं, पण तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर. या शेवटच्या चार शब्दांवर आमच्यासारख्यांची चूल पेटते. तिकडच्या एका गिऱ्हाइकाने नोंदी मागितल्यावर त्याच्या जुन्या विक्रेत्याने पीडीएफ पाठवल्या. उघडून बघतो तर प्रत्येक पान म्हणजे पडद्याचा फोटो, एक अक्षर निवडता येईना. पीडीएफ २००८ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक आहे, तेव्हा "खुल्या फॉरमॅटमध्ये दिलं" असं म्हणायला तो मोकळा. खुल्या मानकातही अशी कुलपं घालता येतात.

म्हणून माझं मत असं झालंय की 'माहिती द्या' एवढंच सांगणारा कायदा अर्धा आहे. कशात द्यायची, हे त्याने नाव घेऊन सांगावं. अमेरिकेत आरोग्याच्या नोंदींबाबत ते झालं. २०१६ च्या क्युअर्स कायद्याने नोंदी अडवून धरण्याला बंदी केली, आणि २०२० च्या नियमांनी त्यासाठी 'फायर' (एफएचआयआर) या आरोग्य-नोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानकाचं नाव घेतलं. फायरमध्ये अॅलर्जीला स्वतंत्र जागा आहे. कशाची अॅलर्जी, किती धोक्याची, कुणी नोंदवली, हे सगळं त्यात लिहिता येतं. आमच्या साताला तिथे घर मिळालं असतं.

भागीदाराला हे मान्य नाही. तो चार्जरचं उदाहरण देतो. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं झालं. २००९ मध्ये कंपन्यांनी आपखुशीने करार केला होता तो मायक्रो-यूएसबीचा. "तेव्हाच कायदा केला असता तर आजही ती पिन उलटी-सुलटी करत बसलो असतो," तो म्हणतो. मी म्हणतो, आपखुशीच्या कराराने सगळे एका पिनवर आले का? हा वाद अजून मिटलेला नाही. युरोपच्याच डिजिटल मार्केट्स कायद्याने मोठ्या मेसेजिंग सेवांना मागेल त्या छोट्या सेवेशी जोडून घ्यायला सांगितलं, आणि ते करताना एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची (निरोप पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येऊ नये अशा कुलपाची) पातळी उतरू द्यायची नाही अशी अट घातली. तेवढ्यावर मात्र आमचं एकमत आहे.

दार सताड उघडं ठेवा असंही आम्ही कुणाला सांगत नाही. केंब्रिज अॅनालिटिकाचं प्रकरण २०१८ मध्ये गाजलं. फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अॅपमधून लोकांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. ते अॅप घेणारे होते सुमारे २ लाख ७० हजार. फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण अॅपला मित्रांचीही माहिती मिळत होती. पेशंटच्या नोंदीतही नातेवाइकांचे फोन असतात. ज्याने मागितलं त्याचंच द्यायचं, ही गाळणी लावायला आम्हाला कधीकधी डेटा सोडवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यावर कुणी खूश होत नाही.

आमचं दवाखान्याचं सॉफ्टवेअर अजून आहे. प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी वही त्याच्याबरोबर जाते, आणि करारात निघण्याचं कलम पहिल्या पानावर असतं. वर्षातून एकदा त्याची तालीम होते. सगळा डेटा बाहेर काढायचा आणि तो कोऱ्या मशीनवर उभा करायचा. हे करणारा माणूस सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी नको.

गेल्या तालमीत तेच अडलं. मदतनिसाने बाहेर काढलेल्या डेटाची सीएसव्ही फाइल (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामांनी तोडलेले) एक्सेलमध्ये उघडली, नजर टाकली आणि सेव्ह केली. एक्सेलने आकड्यांपुढची शून्यं खाल्ली. (जनुकांची नावं एक्सेल तारखा समजतो म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांना काही जनुकांची नावंच बदलावी लागली, तेव्हा आमचा मदतनीस एकटा नाही.) पेशंट क्रमांक ००७१ चा झाला ७१, आणि ७१ क्रमांकाचा दुसरा पेशंट त्याच यादीत आधीच होता. दोघांची औषधं एका पानावर आली.

तेव्हापासून पेशंट क्रमांकाच्या आधी आम्ही 'पी' लावतो.