पत्ता बदलतो, माणूस तोच असतो

सांगलीतल्या एका बियाणे कंपनीचा मेल सर्व्हर मी सांभाळते. ऑफिसातल्या मंडळींची काळजी नसते. त्यांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, ठरलेला; मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरच्या 'मायनेटवर्क्स' नावाच्या भरवशाच्या पत्त्यांच्या यादीत एकदा लिहिला की काम झालं. जीव अडकतो तो फिरतीवरच्या प्रतिनिधींपायी. सकाळी जत, दुपारी विजापूर, रात्री लॉजचं वायफाय. दर ठिकाणी पत्ता नवा. खरिपाच्या तोंडावर दुकानदाराची ऑर्डर पाठवायला बसावं आणि समोर '५५४ रिले ॲक्सेस डिनाइड', म्हणजे 'तुमचा मेल पुढे पाठवणार नाही', यावं, हे मला बघवत नाही.

अशा वेळी हमखास सल्ला मिळतो: मोबाइल कंपनीची अख्खी आयपी रेंजच 'मायनेटवर्क्स'मध्ये टाका. कृपा करून टाकू नका! त्या रेंजमधून बोलणारा कुणीही मग आपल्या सर्व्हरवरून जगात कुठेही मेल पाठवू शकतो. स्पॅमवाल्यांना असा सर्व्हर सापडायला वेळ लागत नाही. तो ब्लॅकलिस्टमध्ये गेला की ऑफिसचे साधे मेलसुद्धा परत यायला लागतात.

'पॉप बिफोर एसएमटीपी', म्हणजे आधी मेल उतरवा, मग पाठवा, ही डायल-अपच्या काळातली युक्ती. माणसाने पासवर्ड देऊन मेल उतरवून घेतला की सर्व्हर त्याचा पत्ता टिपून ठेवायचा आणि थोडा वेळ त्या पत्त्याला रिले मोकळा करायचा. तेव्हा ती शहाणपणाची होती. आज मोबाइल डेटावर सीजीनॅट असतं, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्याआड असंख्य ग्राहक. आमच्या एका प्रतिनिधीने मेल बघितला की त्या सगळ्यांना दार उघडं. शिवाय गाडी पुढच्या गावी पोचेपर्यंत त्याचा स्वतःचा पत्ता बदललेला असू शकतो, तो वेगळाच.

म्हणून ओळख पत्त्यावरून नको, लॉगिनवरून हवी. एसएमटीपी ऑथ, म्हणजे मेल पाठवण्यासाठी लॉगिन, १९९९ पासून आहे, मेल सोपवण्यासाठी वेगळं ५८७ पोर्ट (सर्व्हरचं क्रमांकाचं दार) १९९८ पासून. मी २५ पोर्ट फक्त बाहेरून येणाऱ्या मेलसाठी ठेवलंय, तिथे लॉगिन देतच नाही. प्रतिनिधींच्या फोनमध्ये ५८७ किंवा ४६५, आणि टीएलएस, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारी जोडणी, सुरू झाल्याशिवाय पासवर्ड स्वीकारायचा नाही. पासवर्ड तपासायचं काम डव्हकॉट या मेलपेट्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे. रिलेचे नियम तीनच: आपलं नेटवर्क चालेल, लॉगिन केलेला चालेल, बाकी कुणी परक्या डोमेनसाठी मेल दिला तर नकार. लॉगिन एकाचं आणि 'फ्रॉम', म्हणजे पाठवणाऱ्याचा मेल पत्ता, दुसऱ्याचा, हेही पोस्टफिक्सला अडवायला सांगता येतं. ते जरूर सांगा.

पुन्हा पुन्हा पासवर्ड चुकवणाऱ्या आयपी पत्त्यावर बंदी घालणारं फेलटूबॅन लावताना मात्र सीजीनॅट विसरू नका. एकाच्या फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला, तो पुन्हा पुन्हा चुकला आणि पत्ता बंद झाला, तर त्याच पत्त्याआडचा आपलाच दुसरा माणूस विनाकारण अडकतो. मी बंदी थोड्या मिनिटांचीच ठेवते. पोस्टफिक्सची मेलसंख्येची मर्यादाही आयपीप्रमाणे मोजली जाते, लॉगिनप्रमाणे नाही. माणशी मर्यादा हवी तर पॉलिसी सर्व्हर, म्हणजे मेल घ्यायचा की नाही ते पोस्टफिक्सला सांगणारा वेगळा प्रोग्राम, जोडावा लागतो, आणि तेवढा खटाटोप करावाच. पासवर्ड चोरीला गेला तर लॉगमध्ये कुणाच्या नावाने मेल सुटताहेत ते लगेच दिसतं. तेवढं एक खातं बंद करायचं. बाकीच्यांच्या ऑर्डरी जात राहतात.