थेम्सवरची ‘बेलफास्ट’ आणि पोर्ट्समथची ‘एम ३३’: रंगपट्टे पाहायला जाणाऱ्या मॉडेलकारांसाठी

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री कोल्हापूर सोडायचं, सकाळी दादरला उतरून विमानतळ गाठायचा. व्हिसासाठी बोटांचे ठसे पुण्यात आधीच देऊन ठेवा. लंडनला पोहोचल्यावर या दोन जुन्या युद्धनौकांवरचे रंगपट्टे पाहायला दोन दिवस पुरतात.

‘बेलफास्ट’ ही १८७ मीटर लांबीची क्रूझर लंडन ब्रिज स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, नदीच्या दक्षिण काठाला उभी आहे. अंगावर नोव्हेंबर १९४२ ते जुलै १९४४ मधला ‘टाइप २५’, म्हणजे शत्रूच्या नजरेला चकवणाऱ्या रंगपट्ट्यांचा नमुना. अख्खी बाजू उत्तर काठावरून दिसते, पण तिथून सूर्य जहाजाच्या मागे राहतो आणि दोन्ही करडे रंग एकच वाटतात. ढगाळ दिवस निवडा, नाहीतर सकाळी टॉवर ब्रिजवरून फोटो घ्या. दुसरी बाजू दक्षिण काठावरूनच टिपावी लागते. ती चुकवू नका, एका बाजूवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

फोटोतून नक्षी घ्या, छटा नको. आजचा रंग देखभालीचा आहे, युद्धकाळातला नव्हे.

पोर्ट्समथला लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून जा. पोर्ट्समथ हार्बर स्टेशन गोदीला लागूनच आहे. १९१५ सालची ‘एम ३३’ कोरड्या गोदीत असल्याने तळापर्यंत दिसते. तिचे तिरपे पट्टे म्हणजे ‘डॅझल’. ही कल्पना १९१७ मध्ये चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी पुढे आणली. जहाज लपवणं हा हेतूच नव्हता. पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून पाहणाऱ्याचा जहाजाच्या दिशेचा अंदाज चुकावा, एवढंच हवं होतं. फार सुंदर विचार आहे हा.

घरी आल्यावर १/३५० मापाची, म्हणजे खऱ्या जहाजाच्या साडेतीनशेव्या हिश्श्याची, ‘बेलफास्ट’ साधारण ५३ सेंटीमीटरची होते. ‘टाइप २५’चे पट्टे बाजूवरून थेट वरच्या बांधकामावर चढतात. भाग सुटे रंगवले की जोडताना कडा जुळत नाहीत. म्हणून आधी गोंद न लावता सुकी जुळणी करा, तोफांचे बुरूज सरळ ठेवा आणि मग टेप लावा. फिकट रंग आधी. टेपच्या कडेवरून त्याच फिकट रंगाचा एक पातळ हात फिरवून वाळू द्या, नंतर गडद. म्हणजे रंग टेपखाली झिरपत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात लॅकर फवारू नका, दमट हवेने तो पांढुरका पडतो.

परीक्षा रंकाळ्याच्या कट्ट्यावर घ्या. मॉडेल कठड्यावर ठेवून वीस मीटर मागे जा, म्हणजे खऱ्या मापाने सात किलोमीटर झाले. डोळा डेकच्या पातळीवर आणि मागे फक्त आकाश हवं. तिथून पुढचं टोक कुठलं हे चटकन कळलं, तर गडद पट्ट्यांच्या कडा पुन्हा तपासा.