झाकणाची लाल पिन

गाडी फ्लॅटबेडवरून वागळे इस्टेटला आली तेव्हा गिऱ्हाईक काकांच्या हातात आधीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट होतं. गिअरबॉक्स ओव्हरहॉल, म्हणजे उतरवून पूर्ण खोलून दुरुस्ती, पावणेदोन लाख. जुनी जर्मन सेदान, 5 गिअरची ऑटोमॅटिक. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापली की झटका देते आणि दुसऱ्या गिअरलाच अडकते, वेग वाढवला की इंजिन ओरडायला लागतं.

"आणि बंद करून परत चालू केली की?"

"मग काही नाही हो, मस्त पळते."

जळालेल्या क्लचप्लेटी चावी फिरवून बऱ्या होत नाहीत. हा लिंप मोड, गिअरबॉक्सला जपायला गाडी स्वतःच घेते ती लंगडी चाल. येणाऱ्या सिग्नलवर भरवसा राहिला नाही की कंट्रोल युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, दुसरा आणि रिव्हर्स एवढेच गिअर ठेवतं.

आधी तेल बघायला गेलो. या गिअरबॉक्सला डिपस्टिक येत नाही, नुसती नळी असते. नळीच्या झाकणाला लाल प्लास्टिकची पिन, ती तोडल्याशिवाय झाकण निघत नाही. पिन शाबूत होती. खाली तेलाच्या चेंबरच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा चिखल. म्हणजे पावणेदोन लाख लिहिणाऱ्याने तेलाचा साधा वासही घेतला नव्हता! पिन मी तोडली, वर्कशॉपची लांब स्टिक घातली. तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं, पातळी थोडी कमी. पण जळका वास नाही, बोटांत चोळलं तर कचकच नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, त्यावर स्पीड सेन्सरच्या बिघाडाचा कोड होता. हल्ली पोरं कोड वाचतात आणि त्यात ज्या पार्टचं नाव असेल तो मागवून मोकळी होतात. मी स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, लावून काकांना गाडी चालवायला सांगितलं आणि शेजारी बसलो. या गिअरबॉक्सला आत दोन स्पीड सेन्सर असतात. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमध्ये दोन्हींचा आकडा सारखा यायला हवा. गायमुखच्या चढाला, तिसऱ्यात, एक आकडा क्षणभर शून्य झाला आणि परत आला. फिरता भाग असा थांबून लगेच त्याच वेगाने फिरत नाही. सिग्नल खोटा होता.

गाडी लिफ्टवर घेऊन गिअरबॉक्सचा कनेक्टर काढला, आत तेल. मग वर कंट्रोल युनिटचा कनेक्टर काढला, तिथल्या पिनाही तेलात! कनेक्टरच्या प्लास्टिक बुशच्या ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, कडक झाल्या की तेल वायरीत शिरतं आणि तारांच्या मधून झिरपत पार युनिटपर्यंत चढतं. बुश हजाराच्या आतबाहेर, एक बोल्ट काढून नवा बसवला. सगळं क्लीनरने धुऊन वाळवलं, तेल आणि फिल्टर बदलला. वायरीत मुरलेलं तेल अजून येत राहणार, म्हणून पंधरा दिवसांनी दाखवायला या, असं काकांना बजावलं. परत गायमुखला नेली, दोन्ही आकडे जोडीने चालले.

बिल बघून काका म्हणाले, "एवढ्याशा प्लास्टिकला एवढी मजुरी?" पावणेदोन लाखांवर मात्र त्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नव्हती.

माझ्या डोक्यातून दुसरीच गोष्ट जात नाही. ओव्हरहॉलला गिअरबॉक्स उतरवायचा तर तो कनेक्टर काढावाच लागतो, आणि जोडताना कुणीही नवा बुश घालतो. म्हणजे त्यांनी ते काम केलं असतं तर गाडी बहुतेक सुधारली असती. काकांनी चार लोकांना त्यांचंच नाव सांगितलं असतं, आणि नेमकं काय बिघडलं होतं ते त्या वर्कशॉपलाही कळलं नसतं.